गॅस ‘संपत’ नाही, सोडून दिला जातो

मार्च सरता सरता शहरांतल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येऊ लागते. ‘एसी गार करत नाही, गॅस संपला वाटतं.’ मेकॅनिकला फोन जातो. दोन मुले स्कूटरवरून येतात. त्यांतला एक खिडकीतून बाहेर, युनिटच्या लोखंडी अँगलवर उतरतो. पाना फिरतो आणि ‘फुस्स’ असा लांबलचक आवाज येतो. ‘जुना गॅस काढून टाकला काकू, आता नवीन भरतो,’ असे तो आतल्या माणसांना सांगतो. थोड्या वेळात खोली गार होते, चहा होतो, पैसे दिले जातात आणि जो तो आपापल्या कामाला लागतो.

या नेहमीच्या प्रसंगात दोन चुका आहेत. एक समजुतीची आणि दुसरी करणीची.

समजुतीची चूक अशी, की एसीतला किंवा फ्रिजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होतो असे आपण धरून चालतो. तो खर्च होत नाही. बंद नळ्यांच्या वर्तुळात तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता शोषतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रवरूप होऊन तीच उष्णता बाहेर टाकतो. नळ्या घट्ट असल्या तर कारखान्यात भरलेला गॅस त्या यंत्राच्या जन्माला पुरतो. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे चिरलेल्या माठात रोज पाणी ओतणे.

करणीची चूक म्हणजे तो ‘फुस्स’ आवाज. मी एका सरकारी आयटीआयमध्ये सव्वीस वर्षे रेफ्रिजरेशनचा वर्ग घेतला. आज कोणत्याही वसाहतीत एप्रिलमध्ये फिरलो, की हा आवाज कानावर येतोच. तो बंद करणारे यंत्र आहे. ते चालवायला मुलांना शिकवता येते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तरीही आवाज थांबत नाही, आणि त्याचे मोठे कारण मेकॅनिकच्या पिशवीत नसून तुमच्या-आमच्या पाकिटात आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरक्षित म्हणून आलेला वायू

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले जहाल वायू असत. गळती झाली तर माणसे दगावत. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारे नवे शीतक वायू शोधून काढले. १९३० मध्ये मिजले यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू स्वतः श्वासात घेतला आणि त्याच उच्छ्वासाने पेटती मेणबत्ती विझवून दाखवली. विष नाही, आग नाही, हे दोन्ही एका फुंकरीत सिद्ध झाले. ‘फ्रिऑन’ हे नाव घरोघर गेले ते असे.

गॅस हवेत सोडायला हरकत नाही, ही सवय इथूनच लागली. वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. मग वाईट ते काय? वाईट काय ते १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी मांडले. हे वायू खाली नष्ट होत नाहीत, सावकाश वर जातात, तिथे त्यांच्यातला क्लोरीन सुटा होतो आणि एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगासमोर आले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा गॅस त्यामुळेच बाजारातून गेला. जुन्या एसींमध्ये अजून दिसणारा आर-२२ ओझोनचे नुकसान कमी करतो, पण करतो. म्हणून त्याचाही वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे.

आता त्यांच्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ हे वायू ओझोनला हात लावत नाहीत. जाहिरातीत आणि मेकॅनिकच्या तोंडी त्यांना ‘इकोफ्रेंडली गॅस’ म्हटले जाते ते एवढ्यापुरते खरे आहे. उरलेली गोष्ट कोणी सांगत नाही. हे वायू हवेत उष्णता अडवून धरतात, आणि तीही प्रचंड. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-३२ सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतके काम करतो, आर-२२ सुमारे १,८०० किलोइतके आणि आर-४१०ए तर २,००० किलोंहून अधिक. दीड टनाच्या घरगुती एसीत साधारण किलोभर गॅस असतो. एक लिटर पेट्रोल जाळले की अंदाजे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशेब तुम्हीच करा. आर-२२ चा एक एसी खिडकीबाहेर ‘फुस्स’ केला, की लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीने मुंबई-पुणे जवळजवळ चाळीस वेळा जाऊन-येऊन केल्याइतका बोजा हवेवर पडतो. आणि त्याला लागतात दोन-तीन मिनिटे. म्हणूनच २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात या वायूंवरही मर्यादा घालणारी दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली.

परत घेणारे यंत्र

हा गॅस परत घेता येतो. त्यासाठीच्या यंत्राला धंद्यात ‘रिकव्हरी मशीन’ म्हणतात. हातात उचलून नेता येईल अशी ती पेटी असते. एक नळी एसीला, दुसरी एका रिकाम्या सिलिंडरला. पेटीतला छोटा कॉम्प्रेसर एसीतला गॅस ओढतो, दाबतो, पंख्याने थंड करून द्रवरूप करतो आणि सिलिंडरमध्ये ढकलतो. सोसायटीचा पंप खालच्या टाकीतले पाणी वरच्या टाकीत चढवतो, तसेच काहीसे. जोडणी-सोडणीसकट घरगुती एसीला पाऊण तास धरावा. काट्यावर उरलेला दाब शून्याखाली गेला म्हणजे काम संपले असे नाही. तेलात विरघळलेला गॅस हळूहळू वर येतो आणि काटा पुन्हा चढतो. पाच मिनिटे थांबून पाहावे आणि चढला तर पुन्हा ओढावे. निर्वात करण्याचा व्हॅक्युम पंप या कामाला वापरायचा नसतो. तो ओढलेले सगळे हवेतच टाकतो, म्हणजे ‘फुस्स’च, फक्त आवाज बदलून.

इथवर सगळे सोपे वाटेल. पण यंत्र घेतले म्हणजे झाले असे मानणाऱ्यांना मला सांगायचे आहे, की न शिकवलेल्या मुलाच्या हाती हे यंत्र देणे हे गॅस सोडण्यापेक्षाही वाईट. सोडलेला गॅस सगळ्यांचे थोडेथोडे नुकसान करतो. चुकीचा भरलेला सिलिंडर एकाच मुलाचे सगळे नुकसान करतो.

मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड दाब असतो. तीस अंश तापमानाला आर-२२ च्या सिलिंडरमध्ये सुमारे १५८ पौंड, तर आर-४१०ए च्या सिलिंडरमध्ये सुमारे २६० पौंड दाब असतो. जुन्या गॅसच्या सवयीने जुनेच होस पाइप आणि जुनाच सिलिंडर नव्या गॅसला वापरणारा माणस कशाशी खेळतो आहे ते यावरून कळेल.

सिलिंडर कधीही काठोकाठ भरायचा नसतो. त्याच्या पोटाच्या ८० टक्क्यांपर्यंतच द्रव, वरची जागा मोकळी. कारण द्रव तापला की फुगतो. वर मोकळी जागा असली तर तो तिथे सामावतो. जागाच नसली तर लोखंडाला ढकलू लागतो आणि मग प्रत्येक अंशागणिक दाब भराभर चढतो. सकाळी सावलीत भरलेला सिलिंडर दुपारी गच्चीवरच्या उन्हात बाँब होतो तो असा. म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच भरायचा. त्याचे रिकामे वजन गळ्याशी कोरलेले असते. आता यातली मेख पाहा. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये आर-२२ साधारण साडेनऊ किलो मावतो, आर-३२ पावणेआठ किलोच्या आत आणि प्रोपेन चार किलोंपेक्षाही कमी, कारण हे द्रव एकापेक्षा एक हलके आहेत. ‘नेहमी एवढाच भरतो’ हा आकडा गॅस बदलला की खोटा ठरतो.

मी वर्गात पहिल्या दिवशी चार नियम फळ्यावर लिहीत असे. एकदाच वापरायचा, फेकायचा पातळ डबा परत भरायचा नाही, तो कितीही नवा दिसो. चाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही. सिलिंडरवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि ती तारीख शोभेसाठी कोरलेली नसते. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस. दोन गॅस मिसळले की ते वेगळे करणे छोट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही आणि तो माल मातीमोल होतो. आणि दाब जास्त झाल्यावर यंत्र आपोआप बंद करणारे बटण तारेने बांधून ठेवायचे नाही. हा शेवटचा नियम हसण्यावारी नेणारी मुलेही मी पाहिली. काम लवकर उरकायचे असते ना!

हात आणि डोळे यांची गोष्ट वेगळीच. आर-२२ हा उणे चाळीस अंशाला उकळतो. त्याच्या द्रवाचा फवारा बोटांवर आला तर कातडी जागच्या जागी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा यांची किंमत एका गॅस चार्जिंगपेक्षाही कमी असते. हे वायू हवेपेक्षा जड आहेत. बंद खोलीत, तळघरात ते जमिनीलगत साचतात आणि माणसाला कळायच्या आत तिथला प्राणवायू कमी करतात. नळीत गॅस शिल्लक असताना झाळण्यासाठी टॉर्च लावला, तर आर-२२ मधून ज्वाळेत जे वायू तयार होतात त्यांत फॉस्जीनही असतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला गेलेला विषारी वायू. मिजले यांची मेणबत्ती विझली तो एक प्रयोग, आणि हा दुसरा. आधी गॅस परत घ्या, मग आग पेटवा, हा क्रम म्हणूनच बदलायचा नसतो.

घर बदलताना एसी काढतात तेव्हा मशीन न लावता गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून ठेवतात. याला ‘पंप डाउन’ म्हणतात. नीट केले तर ही उत्तम रीत आहे, थेंबही वाया जात नाही. पण नळी सैल असली, किंवा कॉम्प्रेसर चालू असतानाच घाईने नळी सोडली, तर आत हवा ओढली जाते. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात जे होते तेच कॉम्प्रेसरमध्ये होते, आणि कॉम्प्रेसर फुटतो. तिसऱ्या मजल्याच्या अँगलवर उभ्या माणसाच्या पोटापासून तो हातभर अंतरावर असतो.

नव्या काळाने एक सावधगिरी वाढवली आहे. आर-३२ थोडासा पेटणारा आहे. आजच्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये असलेला आर-६००ए हा तर स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी आपल्याकडे आणले. हवेच्या दृष्टीने प्रोपेन फार चांगला, पण त्याच्याशी वागण्याची रीत निराळी. जुन्या मशीनच्या बटणात पडणारी ठिणगी आर-२२ ला चालून गेली, इथे चालणार नाही. मशीन त्या गॅससाठी बनवलेले हवे, खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातली समई तेवढा वेळ विझवलेली हवी.

यंत्रालाही निगा लागते

घेतलेली वस्तू सांभाळणे हा आपला राष्ट्रीय गुण नव्हे. रिकव्हरी मशीनचे बहुतेक मरण हयगयीने येते. जळालेल्या कॉम्प्रेसरमधला गॅस आम्ल आणि काजळी घेऊन येतो. मशीनच्या तोंडाशी फिल्टर नसला, किंवा वर्षभर तोच असला, तर ही घाण आतल्या पिस्टनची आणि सीलची चाळण करते. असे एक काम झाले की फिल्टर बदललाच पाहिजे. प्रत्येक कामानंतर मशीनच्या पोटात उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ढकलून ते रिकामे करायचे असते, नाहीतर कालचा आर-२२ आजच्या आर-३२ मध्ये मिसळतो. पंख्यामागच्या जाळीत धूळ साचली की गॅस नीट थंड होत नाही, दाब वाढतो, मशीन पुन्हा पुन्हा बंद पडते. आणि मग कोणीतरी ते बटण तारेने बांधतो. नळ्यांच्या टोकांची रबरे झिजतात. तोंडांवर टोपणे लावली नाहीत तर दमट हवा आत जाते. लांबलचक बारीक वायरवरून वीज घेतली तर मोटारीला पुरेसा दाब मिळत नाही आणि ती तापून जळते.

एक साधी परीक्षा मी सगळ्यांना सांगतो. भरलेला सिलिंडर रात्रभर सावलीत ठेवावा. सकाळी खोलीचे तापमान पाहावे, सिलिंडरचा दाब पाहावा आणि त्या गॅसच्या तक्त्याशी ताडून पाहावा. तीस अंशाला आर-२२ चा काटा १५८ च्या बराच वर दिसला, तर आत हवा किंवा दुसरा गॅस शिरला आहे. प्रयोगशाळा लागत नाही. लागतो फक्त थर्मामीटर, गेज आणि थोडा धीर.

मग अडते कुठे?

मेकॅनिकांना विचारले तर ते तीन कारणे सांगतात, आणि तिन्ही खरी आहेत. मशीन महाग आहे. स्कूटरवरून मशीन, सिलिंडर, काटा आणि दोन माणसे नेणे कठीण आहे. आणि पाऊण तासाचे पैसे कोणी देत नाही. तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. एप्रिलमध्ये या मुलांना नगावर पैसे मिळतात. दिवसाला जितकी घरे, तितकी कमाई. त्यात एका घरी पाऊण तास वाढवायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत दोन घरे बुडाली. आपण मात्र दारात उभे राहून ‘गेल्या वर्षी तर एवढेच घेतले होते’ अशी घासाघीस करतो. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून ओझोनला घातक शीतके जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा आहे आणि परवाना असलेल्यालाच या कामाला हात लावता येतो. आपल्याकडे २००० सालापासून ओझोनविषयक नियम आहेत, २०१९ मध्ये केंद्राने शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडाही काढला, त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणावर भर आहे. पण तिसऱ्या मजल्याच्या अँगलपाशी कोणता निरीक्षक पोहोचणार? तिथे घरमालक असतो, तोच.

कोणी म्हणेल, कारखान्यांच्या धुरापुढे माझ्या एका एसीचे काय घेऊन बसलात? धुराचा हिशेब जरूर मागावा. पण धूर कमी करायचा तर इंधन बदलावे लागते, भट्ट्या बदलाव्या लागतात. इथे एक नळी जोडायची आहे. इतके स्वस्तात होणारे काम आपण करत नसू, तर अवघड कामांची भाषा कोणत्या तोंडाने करायची?

मशीनच्या किमतीवर माझ्याकडे एक साधा तोडगा आहे. लग्नाची भांडी, सतरंज्या, पातेली प्रत्येक घराने विकत घ्यावीत असे कोणी म्हणत नाही. ती भाड्याने मिळतात. प्रत्येक वस्तीतल्या मेकॅनिकांच्या संघटनेने, सुटे भाग विकणाऱ्या एखाद्या दुकानाने किंवा जवळच्या आयटीआयने दोन मशीन आणि गॅसवार निशाणी केलेले सिलिंडर ठेवावेत आणि दिवसाच्या भाड्याने द्यावेत. निगा राखणारा एकच जबाबदार माणूस राहील. भरून आलेला गॅस तिथेच जमा व्हावा. स्वच्छ असेल तो गाळून, शक्यतो त्याच गिऱ्हाइकाच्या यंत्रात परत जाईल. खराब असेल तो शुद्ध करणाऱ्याकडे किंवा नष्ट करणाऱ्याकडे. आर-२२ तर पुढे मिळणेच कठीण होत जाणार आहे. आज हवेत सोडलेला किलो उद्या जास्त पैसे मोजून आणावा लागेल, एवढे व्यापारी गणित तरी पटावे.

भंगाराचा मुद्दा याहून गंभीर आहे. जुना एसी आपण भंगारवाल्याला देतो. तो गल्लीतच करवतीने नळ्या कापतो, कारण त्याला तांबे हवे असते. आतला सगळा गॅस त्या क्षणी जातो, कापणाऱ्याच्या तोंडावरून. एसी आणि फ्रिज ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, तेव्हा ते नोंदणी असलेल्याकडेच जायला हवेत. निदान देण्यापूर्वी गॅस काढून घेतला आहे की नाही हे पाहणे आपल्या हातात आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात मेकॅनिक आला की चार प्रश्न विचारा. गळती कुठे सापडली? जुना गॅस मशीनने परत घेणार ना? सिलिंडर काट्यावर ठेवला आहे ना? आणि बाबा रे, पट्टा, चष्मा, हातमोजे आणले आहेस ना? ‘मशीन नाही’ असे उत्तर आले तर ‘मग उद्या घेऊन ये, वेळेचे वेगळे पैसे देईन’ असे म्हणा आणि खरेच द्या. बिलावर ‘परत घेतलेला गॅस इतके ग्रॅम’ अशी एक ओळ लिहून मागा. सोसायटीच्या वार्षिक देखभालीच्या करारात ती ओळ घालायला सचिवांना एका सभेचा वेळ लागेल.

माझ्या वर्गातून बाहेर पडलेली मुले हे काम उत्तम करू शकतात. त्यांतली काही आज मोठ्या इमारतींच्या प्लँटवर काम करतात आणि तिथे गॅसचा ग्रामाग्रामाचा हिशेब ठेवतात, कारण तिथे तो मागितला जातो. घरगुती कामावर तीच मुले पाना फिरवून मोकळी होतात, कारण तिथे कोणी काही मागत नाही. कारागीर गिऱ्हाइकाच्या मागणीएवढाच चांगला होतो, हे लोहारापासून शिंप्यापर्यंत सगळ्या धंद्यांत खरे आहे. ते इथेही खरे आहे.